पाणी उभे राहते तेव्हा

१८ मीटर खोलीवर वाळू आहे, चिखल आहे की खडक, हे होडीत बसून तर्जनीच्या पेराला कळू शकते, यावर या सुट्टीपूर्वी माझा विश्वास बसला नसता. माझी मैत्रीण गेली अनेक वर्षे लहान होडीतून गळाने मासेमारी करते. तिच्याबरोबर समुद्रावर घालवलेल्या पाच दिवसांत मी जे शिकले, त्यातले बरेचसे दिसत नसलेल्या गोष्टी ओळखण्याविषयी आहे, आणि ते विसरण्याआधी लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते.

तिची होडी १६ फुटांची, फायबरची, मागे लहान आऊटबोर्ड इंजिन असलेली. इंजिन बंद पडलेच तर म्हणून दोन वल्ही कायम आडवी बांधून ठेवलेली असतात. मासेमारीची काठी आणि रीळ तिच्याकडे आहे, पण मला तिने पहिल्यापासून हातदोरीच दिली. लाकडी चौकटीवर गुंडाळलेली नायलॉनच्या तंगुसाची दोरी, टोकाला शिसे, आणि शिशाच्या वर हातभर अंतराने आखूड फांद्यांसारखे बांधलेले दोन गळ, एवढाच सरंजाम. “काठी मध्ये आली की हात आणि मासा यांच्यात आणखी एक वस्तू येते; आधी बोटांना शिकू दे,” असे ती म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी आम्ही समुद्राकडे फिरकलोदेखील नाही. जमिनीवर बसून तिने माझ्याकडून दहा-बारा गळ बांधून घेतले आणि प्रत्येक गाठ आवळण्यापूर्वी ओली करायला लावली, कारण कोरडी गाठ घट्ट ओढली की घर्षणाच्या उष्णतेने तंगूस तिथेच कमकुवत होते. हे काम किनाऱ्यावर उरकण्यामागे दुसरेही कारण होते. हेलकावणाऱ्या होडीत मान खाली घालून बारीक काम करू लागले की डोळ्यांना समोरची वस्तू स्थिर दिसते, तर आतल्या कानाला शरीर हलत असल्याचे जाणवत राहते, आणि या दोन खबरांचा मेळ बसेनासा झाला की मळमळ सुरू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याचा अनुभव आलाच. शिसे बदलण्यासाठी मी पाच मिनिटे खाली पाहत राहिले आणि घशाशी येऊ लागले. मैत्रिणीने माझ्या हातातले काम काढून घेतले, मला होडीच्या मध्यभागी बसवले, जिथे हेलकावे सर्वांत कमी लागतात, आणि क्षितिजाकडे पाहत राहायला सांगितले. पंधरा-वीस मिनिटांत बरे वाटू लागले.

ती सकाळ आम्ही उपसागराच्या आतच, जेमतेम ८ मीटर पाण्यात काढली. तिथे मासे मिळावेत अशी तिची अपेक्षाच नव्हती. शिसे तळाला टेकले की दोरी क्षणभर सैल पडते. तेवढ्यात ती ताणून घ्यायची, वीतभर उचलायची आणि पुन्हा सोडायची, असे तिने मला तासभर करायला लावले. वाळूवर शिसे पडले की मऊ, बसका ठोका येतो. खडकावर कोरडी टकटक येते आणि शिसे थोडे घरंगळल्याचेही कळते. चिखलात ठोका जवळजवळ येतच नाही, पण उचलताना शिसे क्षणभर धरून ठेवल्यासारखे वाटते आणि मग एकदम सुटते. शेवाळ असेल तर दोरी हळूहळू जड होत जाते आणि त्या जडपणाला धक्का नसतो. सुरुवातीला मला हे चारही प्रकार एकसारखेच वाटत होते. तासाभरानंतर डोळे मिटून मी “वाळू… वाळू… खडक” असे सांगू लागले आणि ती नुसती मान डोलवत राहिली. नायलॉनचे तंगूस ताणले जाते, त्यामुळे खोल पाण्यात हा स्पर्श पुसट होतो. विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नसल्यामुळे तो स्वच्छ पोहोचतो. मात्र विणलेली दोरी उघड्या हाताने ओढली तर बोट कापते, म्हणून हातदोरीसाठी जाड तंगूसच बरे, असे तिचे मत आहे आणि माझ्या बोटांवरचे वळ पाहता मला ते पटते.

पुढच्या दिवशी वारा होता. किनाऱ्यावरून पाहता समुद्र मला काही फार खवळलेला दिसत नव्हता, पण दूरवर पांढरे फेस तिला दिसले आणि तिने जाणे रद्द केले. सुट्टीतला एक दिवस फुकट गेल्याचे मला वाईट वाटले होते, हे मी लपवत नाही. वाऱ्याचे बळ ओळखण्याची जी मोजपट्टी फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये मांडली, तिच्या आजच्या, समुद्राच्या रूपाचे वर्णन करणाऱ्या आवृत्तीत तिसऱ्या पायरीवर लाटांचे माथे कुठेकुठे फुटू लागतात आणि चौथ्या पायरीवर, म्हणजे ११ ते १६ नॉट वाऱ्यात, असे पांढरे माथे बऱ्यापैकी दिसू लागतात. मोठ्या जहाजाच्या दृष्टीने ही मंद झुळूकच. १६ फुटांच्या होडीत, किनारा सोडून बाहेर जायचे असेल तर मात्र तिसरी पायरी ही तिची मर्यादा आहे आणि पाहुणी आली म्हणून ती मर्यादा ती वाढवत नाही.

त्या मोकळ्या दुपारी तिने भरती-ओहोटीचा तक्ता माझ्यापुढे ठेवला. चंद्र पुन्हा माथ्यावर यायला सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात, म्हणून जिथे दिवसातून दोनदा भरती येते तिथे एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. हे शाळेत शिकले होते. शाळेत न शिकलेली गोष्ट अशी की या सहा-सव्वासहा तासांत पाणी एकसारख्या वेगाने चढत किंवा उतरत नाही. एकूण चढउताराचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी सरकते. हा ढोबळ हिशेब सगळ्याच किनाऱ्यांना लागू पडत नाही, पण लहान होडीतल्या माणसाला तो फार उपयोगी आहे. मधल्या दोन तासांत प्रवाह सर्वांत जोरात असतो, शिसे तळाला टिकत नाही आणि दोरी तिरकी वाहून जाते. दोन्ही टोकांना मात्र पाणी थोडा वेळ जवळजवळ थांबते. त्याला पाणी उभे राहणे म्हणतात. त्या आठवड्यात चंद्र अर्धा होता, त्यामुळे भांगाची भरती होती, म्हणजे चढउतार कमी आणि प्रवाहही सौम्य. खडकावर नांगर टाकून मासेमारी करायला नवख्या माणसाला यापेक्षा चांगले दिवस मिळाले नसते. दुसऱ्या दिवशी पूर्ण भरती सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी होती, आणि आमची सारी सकाळ त्या एका आकड्याभोवती मांडली गेली.

आम्ही साडेपाचला निघालो. निघण्यापूर्वी तिने किनाऱ्यावरच्या एका ओळखीच्या माणसाला आम्ही कुठे जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परत आलो नाही तर मदत बोलवायची, हे सांगून ठेवले. जीवरक्षक जाकिटे आम्ही जमिनीवरच चढवली. इंजिन बंद करणारी गुंडाळी दोरी तिने मनगटात अडकवली, म्हणजे ती पाण्यात पडलीच तर इंजिन आपोआप थांबेल आणि होडी तिला सोडून पुढे जाणार नाही. इंधनाचे तिने तीन भाग धरलेले असतात: एक जायला, एक यायला आणि एक राखीव. या काळज्यांना कंटाळणारे लोक मी पाहिले आहेत. मला त्यांचाच आधार वाटला, कारण सगळे ठरलेले असल्यामुळे अंधारातून बाहेर पडताना मला भीती वाटली नाही.

उजाडले तेव्हा आम्ही जागेजवळ पोहोचलो होतो, पण जागा कुठे आहे हे पाण्यावरून कळण्यासारखे काहीच नव्हते. चहूकडे सारखेच करडे पाणी. तिच्याकडे जीपीएस आहे, तरी तिने आधी किनाऱ्याकडे बोट दाखवले. दीपस्तंभ मागच्या डोंगराच्या खिंडीत बरोबर बसला की एक रेषा मिळते. दुसऱ्या बाजूला एकुलते एक उंच झाड टेकडीच्या टोकाला टेकले की दुसरी. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे होडीखाली खडकाळ उंचवटा असतो. पुढची आणि मागची खूण एकमेकींपासून जितकी लांब, तितकी ती रेषा अचूक. होडी थोडी जरी सरकली तरी दीपस्तंभ खिंडीतून बाहेर पडलेला दिसतो. मी शिसे सोडले. १८ मीटर दोरी गेली आणि बोटाला ती कोरडी टकटक जाणवली. खडक! त्या क्षणाचा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो.

नांगर टाकण्याची तिची पद्धत मला फार आवडली. तो नेहमी होडीच्या पुढच्या टोकाला बांधायचा. मागे बांधला तर होडीचा बसका, इंजिनाने जड झालेला भाग लाटांसमोर येतो आणि पाणी आत चढते. दोर खोलीच्या किमान तिप्पट सोडायचा, म्हणजे नांगरावरची ओढ आडवी राहून तो धरून बसतो. वारा वाढला तर पाचपट किंवा त्याहून जास्त. खडकात नांगर अडकण्याची भीती असते, म्हणून दोर नांगराच्या वरच्या कडीला न बांधता ती तो खालच्या, फाळांजवळच्या टोकाला बांधते आणि वरच्या कडीला फक्त कच्च्या सुतळीने आवळते. नांगर अडकला आणि जोर लावला की सुतळी तुटते, ओढ खालच्या टोकाला लागते आणि नांगर उलटा होऊन निघतो. या सुतळीची गरज त्याच दिवशी पडेल, असे मला वाटले नव्हते.

गळाला तिने माकुळाच्या लांबट पट्ट्या लावल्या. माकूळ चिवट असते, त्यामुळे लहान मासे टोचून टोचून आमिष पळवू शकत नाहीत. पहिली पंधरा मिनिटे दोरीवर नुसते बारीक चिमटे येत होते. मी दर चिमट्याला दोरी ओढत होते. “अगं, तो अजून चाखतोय. दोरी जड होऊ दे,” ती हळू आवाजात म्हणाली. त्यानंतर आलेला ओढा अगदी वेगळा होता: चिमटे थांबले, आणि दोरी शांतपणे, ठामपणे खाली जाऊ लागली. अशा वेळी पहिले दोन-तीन मीटर सर्वांत महत्त्वाचे असतात, कारण खडकातला मासा लगेच आपल्या कपारीत शिरू पाहतो आणि एकदा शिरला की कल्ले व पर फुलवून तिथे घट्ट रुतून बसतो. मी दोन्ही हातांनी दोरी ओढत राहिले. वर आला तो ठिपक्यांचा लहान हेकरू, वीतभर लांबीचा.

त्याचे पोट फुगले होते आणि तोंडातून गुलाबी फुगा बाहेर आला होता. तो पाहून मी घाबरलेच. मैत्रिणीने ओल्या हाताने त्याला धरले आणि शांतपणे समजावले. समुद्रात दर १० मीटरला सुमारे एक वातावरणाचा दाब वाढतो. १८ मीटरवर पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो. हेकरूच्या शरीरात हवेची बंद पिशवी असते, आणि तो वेगाने वर आला की त्या पिशवीतील वायू पसरून आकाराने सुमारे तिप्पट होतो व जठर तोंडाबाहेर ढकलतो. तो फुगा म्हणजे त्याचे जठर. त्याला टोचायचे नसते. तसाच पाण्यात टाकला तर तो पृष्ठभागावर उताणा तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी जातो. तिच्या पेटीत एक जड वजन लावलेला चिमटा होता. तो तिने माशाच्या खालच्या जबड्याला लावला, दोरीने त्याला सावकाश खाली सोडले आणि तळ जवळ आल्यावर हिसका देऊन चिमटा सोडवला. खाली जाताना दाब वाढतो आणि वायू पुन्हा आकसतो. दोरी हलकी झाल्याचे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले.

एवढा खटाटोप वीतभर माशासाठी का, असे मी विचारले. हेकरूंच्या बहुतेक जाती मादी म्हणून वाढतात आणि मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. लहान मासे काढत गेलो तर अंडी घालण्याआधीच माद्या संपतात, आणि फक्त मोठे काढत गेलो तर नर संपतात; शिवाय हे मासे सावकाश वाढतात आणि आपला खडक सहसा सोडत नाहीत. म्हणून त्या उंचवट्यावर ती दिवसाला एकच मध्यम आकाराचा मासा ठेवते. माझ्या मते अशी मर्यादा नियमात लिहिलेली असो वा नसो, लहान होडीतल्या माणसाने ती स्वतःला घालून घ्यावी, कारण खूण साधून त्याच त्या खडकावर पुन्हा पुन्हा येणारा माणूस तो खडक एका मोसमात रिकामा करू शकतो.

आठ वाजले आणि दोरी सरळ, अगदी उभी खाली जाऊ लागली. होडी नांगराच्या दोरापासून सुटल्यासारखी सैल झाली, आणि मग सावकाश फिरू लागली. दीपस्तंभ खिंडीतून बाहेर सरकला. मी शिसे सोडले तर वाळूचा मऊ ठोका आला. ५४ मीटर दोर सोडलेली होडी प्रवाह उलटल्यावर नांगराच्या दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे जवळजवळ १०० मीटर दूर, आणि खडक मागे राहतो. सगळे जण सांगतात की पाणी उभे असताना मासे खात नाहीत. मैत्रिणीचा अनुभव असा की पाणी पुन्हा चालू लागल्याचा पहिला अर्धा तास सर्वांत चांगला, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक होड्या चुकीच्या जागी उभ्या असतात. आम्ही नांगर उचलला, वळसा घेतला आणि आता खडकाच्या किनाऱ्याकडच्या बाजूला टाकला, म्हणजे ओहोटीच्या प्रवाहाने होडी पुन्हा उंचवट्यावर जाऊन थांबेल. त्या अर्ध्या तासात तिला तो मध्यम आकाराचा हेकरू मिळाला, आणि तो वर येताच तिने जराही वेळ न घालवता त्याला डोळ्यांमागे एका ठोक्यात शांत केले.

नंतर आम्ही तळाचे गळ गुंडाळून ठेवले, कारण थोड्या अंतरावर सुरय पक्षी पाण्यात सूर मारताना दिसले. पाण्यावर वारा नसतानाही एका पट्ट्यात बारीक शहारा उठला होता. खाली बांगड्यांचा थवा होता. नांगर तसाच ठेवून आम्ही वाट पाहिली आणि थवा आपणहून आमच्याकडे आला. पिसे बांधलेल्या पाच गळांची दोरी मध्यपाण्यात वरखाली हलवायची, आमिषाची गरजही नाही. एकाच वेळी तीन मासे लागले की दोरी तीन दिशांना थरथरते, आणि हा स्पर्श तळावरच्या कुठल्याही स्पर्शासारखा नाही. बारा मासे झाल्यावर आम्ही थांबलो. प्रत्येक मासा लगेच बर्फ आणि समुद्राचे पाणी यांच्या मिश्रणात गेला. हे मिश्रण माशाला सगळीकडून वेढते, म्हणून नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार करते. बांगड्याच्या कुळातील मासे उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होते आणि ते नंतर कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही.

साडेदहाच्या सुमारास मान वळवून ती समुद्राकडे पाहू लागली. मला काहीच वेगळे दिसत नव्हते. जमीन तापली की वरची हवा उठते आणि समुद्राकडून वारा आत येऊ लागतो. तो तसा सुरू झाला होता. त्याच वेळी ओहोटीचा तिसरा तास चालू होता, म्हणजे पाणी पूर्ण जोरात बाहेर निघाले होते. वारा आत आणि पाणी बाहेर, असे समोरासमोर आले की त्याच वाऱ्यात लाटा आखूड आणि उभ्या होतात. थवा अजून होडीखाली होता आणि पिशवीत जागाही होती. “निघूया,” ती म्हणाली, आणि मी एकही प्रश्न न विचारता दोरी गुंडाळू लागले.

नांगर आला नाही. दोर उभा ताणला, बाजू बदलून ओढून पाहिले, तरी तो खडकात बसलेला. तिने दोर पुढच्या खुंटीला घट्ट आवळला, इंजिन हळू चालवून प्रवाहाच्या उलट बाजूने ओढ दिली आणि सुतळी तुटल्याचा बारीक धक्का होडीभर जाणवला. पुढच्या मिनिटात नांगर आमच्या पायांशी होता, एका फाळावर खडकाचा ताजा ओरखडा घेऊन.

परतताना लाटा मागून येत होत्या. लाटेच्या उतारावर होडी घसरून आडवी होऊ नये म्हणून तिने वेग लाटेच्या वेगाशी जुळवून ठेवला आणि मला मधल्या फळीऐवजी खाली तळावर बसवले. जाताना भरती समोर होती आणि येताना ओहोटी समोर, त्यामुळे परतीला एक तृतीयांशापेक्षा थोडे जास्तच इंधन लागले. उपसागराच्या तोंडापाशी मागे वळून पाहिले तेव्हा आम्ही उभ्या होतो त्या बाजूला पांढरे माथे सगळीकडे फुटत होते.

दुपारी मासे साफ करताना मी माझी वही काढली, आणि मैत्रिणीने ओल्या हातांनीच तिच्यात दोन चित्रे काढली: खिंडीत बसलेला दीपस्तंभ, आणि टेकडीच्या टोकाला टेकलेले झाड. खाली १८ मीटर असे लिहून तिने भरतीच्या तक्त्यात पुढची ओळ पाहिली. दुसऱ्या दिवशीची भरती बरोबर नऊला होती. आम्ही गजर ५० मिनिटे पुढे सरकवला.